मागच्या सीटवर कुणीतरी हवं

"जरा मागच्या सीटवर बसून उड्या माराल का?"

अनोळखी माणसाला असं काही विचारायची तिची पहिलीच वेळ. ऐकायची त्याचीही बहुधा पहिलीच असावी. सिग्नल हिरवा झाला होता, तिची गाडी चौकात मधोमध ठाण मांडून बसली होती, मागचे लोक हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हते. आणि काचेवर टकटक करून "मदत करू का?" म्हणणाऱ्या या भल्या माणसाच्या कडेवर एक दाढ होती. फायबरची. चांगली तीन वर्षांच्या पोराएवढी.

"उड्या... किती?" त्यानं गंभीरपणे विचारलं.

"गाडी सुरू होईपर्यंत."

तो मागे बसला, दाढ मांडीवर घेतली आणि इमानेइतबारे उड्या मारू लागला. सीटखाली काहीतरी कण्हलं, मग किरकिरलं, आणि इंजिन सुरू झालं.

"कोण होतं ते?"

"पेट्रोलचा पंप. टाकीत असतो, बरोब्बर तुमच्याखाली. मधेच झोपतो. हादरा बसला की उठतो."

"आणि मी भेटलो नसतो तर?"

"एरवी मामा असतो. त्याचीच गाडी ही, मला दिलेली. पण उड्या मारून मारून त्याची कंबर धरलीय."

तो दातांचा डॉक्टर होता. दाढ दवाखान्याबाहेर टांगायची होती, त्याआधी मोठ्या चौकातल्या पेंटरकडे रंगवायला न्यायची होती. तिचं चष्म्याचं दुकान त्याच रस्त्यावर. तिथं ती लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायची. तिनं दोघांना, म्हणजे त्याला आणि दाढेला, मोठ्या चौकात सोडलं.

दुसऱ्या दिवशी तो त्याच सिग्नलला उभा. रिकाम्या हातानं.

"दाढ?"

"वाळतेय. बघायला चाललोय."

तिसऱ्या दिवशीही तो होताच. चौथ्याही.

"अजून वाळतेच आहे?"

"दाढेचं काही सांगता येत नाही," तो म्हणाला. "आणि... तुमचा पंप?"

"पंपाचंही काही सांगता येत नाही."

त्यानंतर दाढेचा विषय दोघांनीही काढला नाही. तो रोज यायचा, मागे बसायचा, गाडीनं मान टाकली की उड्या मारायचा. मामाला कंबरदुखीतून सुटका मिळाली. "पोरगा कसा आहे?" त्यानं विचारलं. "वजनदार आहे," ती म्हणाली. मामा म्हणाला, मग स्थळ चांगलं आहे.

दिवसभर परक्या माणसांच्या डोळ्यांत डोळे घालून बघायचे तिला पैसे मिळत होते. पापणीसुद्धा लवायची नाही. पण गाडीतल्या त्या वीतभर आरशात मागचे दोन डोळे दिसले, की गिअर चुकायचा.

"रस्ता पुढे आहे," तो हळूच म्हणायचा.

"मी मागची वाहनं बघतेय."

"कुठलं वाहन?"

"...निळा शर्ट घातलेलं."

त्यावर आरशातले डोळे खिडकीबाहेर पळायचे, आणि कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या.

गॅरेजच्या मेस्त्रीकाकांनी तिला केव्हाच बजावलं होतं. "हा पंप आता पाहुणा आहे, बाई. चढावर दम लागतो, तापला की बसतो. आज हादऱ्यानं उठतो, एक दिवस नाही उठायचा. तो दिवस काही तुमची सोय बघून यायचा नाही. गाडी ठेवून जा, संध्याकाळी न्या."

"उद्या आणते," ती म्हणाली होती. असे बरेच उद्या झाले. कारण पंप बदलला, की उड्या मारणाऱ्याची गरजच उरत नव्हती. आणि गरज नसताना कुणाला रोज गाडीत ये म्हणायचं, तर त्याला एक वेगळं वाक्य लागतं. ते वाक्य तिला येत नव्हतं.

मग तो दिवस आला. सोय न बघता.

पुलाचा चढ होता. मागे मालानं भरलेला ट्रक. पंपाचा आवाज आधी डासासारखा बारीक झाला, मग थांबला. इंजिन गेलं. स्टिअरिंग दगड झालं. गाडी थबकली आणि... मागे सरकू लागली.

"मारा उड्या!"

तो मारत होता. सीट कुरकुरत होती, पंप ढिम्म. तिनं ब्रेकवर दोन्ही पाय रोवले, तर ब्रेकही भिंतीसारखा कडक. आरशात ट्रकचं तोंड मोठं मोठं होत गेलं, आणि त्या तोंडाच्या आणि तिच्या मधे तो होता. फक्त तो. ट्रक आदळला, तर आधी त्याच्यावर आदळणार होता. त्या जागेवर त्याला तिनंच बसवलं होतं, रोज, हसत हसत.

तिनं जीव एकवटून हँडब्रेक ओढला. ट्रक किंचाळला. मग दोन्ही थांबली. मधून एक माणूस अंग चोरूनच गेला असता, एवढीच जागा.

ट्रकवाला उतरला. "ताई, जीव नकोसा झालाय का? आणि हे साहेब आत उड्या कसल्या मारतायत?"

"तो... पंप आहे," ती कशीबशी म्हणाली.

"एवढा मोठा?"

पण तिचा चेहरा बघून त्यानं बाह्या सरसावल्या. तिघांनी मिळून गाडी कडेला ढकलली, आणि ट्रकवाला निघून गेला. ती कठड्याला टेकली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मेस्त्रींनी सांगितलं होतं. मीच दुरुस्त केली नाही. केली असती, तर तुम्ही कशाला आला असता?... आज तुम्हाला काही झालं असतं ना..."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दवाखान्यातल्या मदतनिसाचा आवाज एवढा मोठा, की पुलाखालच्यांनाही ऐकू जावा.

"डॉक्टर, कुठे आहात? आजोबांचा दात वाट बघून बघून आपोआप पडला! ते विचारतायत, थांबू की जाऊ?"

त्यानं फोन बंद केला. कानांच्या पाळ्या पेटल्या होत्या.

"दवाखाना कुठे आहे तुमचा?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"...घराखाली. जिना उतरला की."

"मग रोज चौकात उतरून?"

"बसनं परत." तो पुलाखालच्या रुळांकडे बघत राहिला. "पंपाचा आवाज मलाही ऐकू येत होता. रोज वाढत होता. ठणका अंगावर काढणाऱ्या पेशंटना मी इतका रागावतो... आणि स्वतः त्या ठणक्यावर बसून होतो. दुरुस्त करा म्हटलं असतं, तर तुम्ही केली असती."

"केली असती."

"म्हणून नाही म्हटलं." तो थांबला. "उद्यापासून मी या गाडीत बसणार नाही. पंप बदलेपर्यंत. त्यानंतर... बोलवाल?"

तिनं मेस्त्रीकाकांना फोन लावला आणि म्हणाली, "आज. आत्ता. पुलावर या."

दोन दिवसांनी सकाळी दवाखान्यासमोर हॉर्न वाजला. तो ॲप्रनमध्येच धावत आला.

"काय झालं? बंद पडली?"

"काहीही झालेलं नाही. गाडी ठणठणीत आहे."

"मग माझं काय काम?"

"काही काम नाही," ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं, की न येणारं वाक्य हेच होतं. "पेशंट यायला वेळ आहे ना? एक चक्कर मारू."

त्याचा हात मागच्या दाराकडे गेला. तिनं वाकून पुढचं दार उघडलं.

पूल आला. गाडी एका दमात चढली, हूं की चूं नाही. आरशात आता फक्त रस्ता दिसत होता. पुढे बसलेल्या माणसाकडे बघायचं तर मान वळवावी लागते, आणि चढावर मान वळवणं बरं नाही, हे तिला आता चांगलंच कळलं होतं.

म्हणून पूल उतरल्यावर तिनं इंडिकेटर दिला, गाडी शिस्तीत कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन स्वतःच्या हातानं बंद केलं... आणि मग बघितलं.