दोन टाळ्या

बसा जी. तो पंखा नुसता आवाज करते, हवा देत नाई. त्याच्या भरवशावर राहू नका. गडव्यातलं पाणी घ्या. तुमचं कार्ड भेटलं मले मंगळवारी. ओमप्रकाशवर पुस्तक लिहून राह्यले म्हणता, लिहा बाप्पा. त्याले बक्षिसं किती भेटली, मुंबईत घर कुठं होतं, ते मले इचारू नका. मी कवडू, त्याच्या नाटक मंडळीचा पेटीवाला. मले एकच गोष्ट माहीत आहे, अन् ती मी आजवर कोणालेच सांगतली नाई.

चौऱ्याऐंशीचा मे महिना होता. मी हिंगणघाटले पेटीचा भाता दुरुस्त कराले गेलतो. दुकानासमोर एक मोटार थांबली, काच खाली झाली, अन् आतून आवाज आला, "कवडूदादा, अजून बेसूरच वाजवतं काय?"

दहा वर्सांनी पाह्यलं त्याले. केस पार पिकलेले, डोळ्याले काळा चष्मा. पण हसला तं तोच, आमच्या वडनेरच्या रूपरावचा पोट्टा.

याच पोट्ट्यानं सत्तर साली गावात मंडळी काढली. कापसाची सरकी काढाच्या बंद पडलेल्या जिनाच्या टिनाच्या गोदामात तालमी होत. त्याच्या आधी बाईचं काम बाप्याच करे. मी सोता दोन वर्सं लुगडं नेसून रडलो जी, अन् लोकं पोट धरून हसले. ओमप्रकाश म्हणे, बाईचं दुःख बाईच दाखवीन. मंग त्यानं तानाबाईची सुलोचना आणली. तानाबाई तिले हाताले धरून घेऊन आली. म्हणे, "मास्तर, माही एकच लेक हाये. पाच कोसात कोणाची पोरगी स्टेजवर गेली नाई. मी तुह्या भरवशावर पाठवतो. जशी नेशीन तशी आणून देजो."

माणूस मायाळू, पण तालमीत भलकसा कडक. पडद्यामागच्यानं ओमप्रकाशच्या दोन टाळ्या ऐकल्याशिवाय स्टेजवर याचं नाई, अन् जागचं हालाचंही नाई. पाणी प्यालेही नाई. मी एकदा हाललो तं पंधरा दिवस माह्याशी बोलला नाई लेकाचा. मुंबईतही त्यानं हेच चालवलं म्हणतात. मोठमोठे नट त्या दोन टाळ्यांची वाट पाहत उभे राहत.

तं चौऱ्याहत्तरचा मे. टिनाले हात लावला तं फोड येत होता. शेवटचा प्रवेश बसवून राह्यलो होतो. नवऱ्यानं टाकलेली बाई बारा वर्सांनी घरी येते, असा तो प्रवेश. सुलोचना पडद्यामागं जाऊन उभी राह्यली. तितक्यात हिरालाल पोस्टमन तार घेऊन आला. मुंबईच्या एका सिनेमावाल्यानं ओमप्रकाशले बोलावलं होतं, ताबडतोब. तो तं नाचालेच लागला! येष्टीची वेळ झालती. पयता पयता मले म्हणे, "कवडूदादा, तिले सांग, आज नाई."

"हो," म्हटलं मी. अन् त्याची ट्रंक उचलून त्याच्यामागं निंघालो. हिंगणघाट टेसनापर्यंत गेलो. पेढे खाल्ले, चहा पेलो. आपल्या वडनेरचा पोट्टा सिनेमात चालला! सुलोचना डोक्यातून पार निंघून गेली. बाकीच्यांले वाटलं, कवडूनं सांगतलं असंन.

संध्याकाळी तानाबाई लेकीले हुडकत आली. सुलोचना पडद्यामागंच होती. भिताडाले टेकून बसेल, पदर नीट डोक्यावर, तोंड स्टेजकडं. ऊन लागलं म्हणे डॉक्टर. तिसऱ्या दिवशी गेली.

मी मुंबईले पत्र लिहिलं: निरोप देल्ला होता, पोरगीच हट्टानं उभी राह्यली. असा हरामखोर आहो मी. अन् ओमप्रकाशनं ते खरं धरलं. दहा वर्सं पेपरवाल्यांले सांगत राह्यला का माह्या एका पोरीनं शिस्तीपायी जीव देल्ला. तुमच्या कात्रणात असंन पाहा.

तं चौऱ्याऐंशीत, त्या दिवशी मोटारीत मले म्हणे, "सात सिनेमे केले, दादा. एकाचाही शेवट मनासारखा झाला नाई. शेवटच्या शॉटले टाळ्या मारतो, अन् मले वाटते, दारातून भलतंच कोणी येईन." आठव्या सिनेमाचा शेवट त्याले आमच्याच गोदामात घ्याचा होता. त्याची माणसं दुसऱ्या दिवशी येणार होती. आम्ही दोघंच जागा पाहाले गेलो. तीन वाजले असंन.

आत झोप लागताना असते तसं वाटत होतं. टिनाच्या भोकातून उन्हाचे कवडसे आलते, अन् त्यात कापसाचे तंतू तरंगत होते, खाली काही पडत नव्हते. जुन्या सरकीचा वास. बाहेर होले घुमत होते, मंग तेही थांबले. आमचा पडदा अजून तिथंच होता. त्याच्यावरची बाग इटून गेलती, एक मोर तेवढा शाबूत.

"पेटी उघड," ओमप्रकाश म्हणाला. मी त्या प्रवेशाची धून धरली. नवा भाता, पण सूर लांबून आल्यासारखा येत होता. पडदा हळूच फुगला. वारं तं नव्हतंच जी... पडद्याच्या खालच्या काठाशी दोन पाय दिसले. धुळीनं भरलेले, जागच्या जागी उभे.

ओमप्रकाशनं टाळीले हात वर केले. तळवे जवळ येत, अन् थांबत. पुन्हा जवळ येत, थांबत. एवढा मोठा माणूस, त्याच्याच्यानं टाळी वाजेना. मले सहन झालं नाई.

"ओमप्रकाश... मी तिले निरोप देल्लाच नव्हता..."

त्यानं चष्मा काढला. माह्याकडं पाह्यलं. शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं.

"मंग आता दे," म्हणाला.

"सुलोचना... मास्तर म्हणते... आज नाई."

पडद्यामागून आवाज आला, "बरं, दादा... मंग उद्या कितीले येऊ?"

अन् ओमप्रकाशच्या तोंडून सवयीनं निंघून गेलं, "तीनले. टाइमावर येजो."

पाय वळले. बांगड्या वाजल्या, लांब गेल्या.

त्याच रात्रीच्या गाडीनं तो मुंबईले गेला. शूटिंग बंद. पुन्हा वडनेरले आला नाई, अन् सत्याऐंशीत तिकडंच वारला. टाळ्या मारल्या असत्या तं सुटली असती बिचारी. पण मारल्या असत्या तं पडदा सारून समोर आली असती ना जी! कोणत्या तोंडानं पाह्यलं असतं आम्ही तिच्याकडं?

चौऱ्याऐंशीच्या त्या दिवसापासून पाच वर्सं मीच जातो. रोज तीनले. पडद्यामागं पाण्याचा गडवा ठेवतो, पेटी वाजवतो, म्हणतो, "आज नाई." ती म्हणते, "बरं, दादा." गडवा रिकामा भेटते. उन्हाळ्यात म्हणा उन्हानं आटलं, पण पौषात कसं आटते? माह्या हातून टाळी होत नाई. रोज ठरवतो, अन् रोज घाबरतो. पण जायचं चुकवत नाई. एक दिवस निरोप चुकला तं पुन्हा दिवसभर उभी राहीन, त्या टिनात.

आता उद्या मले वर्ध्याले नेऊन राह्यले, डोळ्याच्या आपरेशनले. आठ दिवस. गावात कोणाले सांगू? तुम्ही मुक्कामी आहाच. कठीण काही नाई जी. गडवा ठेवाचा अन् "आज नाई" म्हणाचं. अन् हिंमत झालीच तं दोन टाळ्या मारा. तानाबाई जिती हाये अजून, जिनाच्या रस्त्याकडं तोंड करून बसते.

नाई म्हणू नका. आज तीनले मी तिले सांगून ठेवलं, उद्यापासून दुसरे सायेब येतीन. "बरं," म्हणाली. मंग तुमचं नाव इचारलं तिनं.

मी सांगतलं.