कोणी राहिलंय का?

उन्हाळ्याच्या सुटीच्या आदल्या संध्याकाळी हेडमास्तर शाळेला कुलपं लावत होते. रोजचंच काम. प्रत्येक कुलूप ते दोनदा ओढून पाहत, म्हणून मुलांनी त्यांचं नाव ‘दोनदासर’ पाडलं होतं.

त्यांच्या आधी हेडमास्तरांच्या खुर्चीत फादर होते. चर्चने धाडलेले हे पाद्री तरुणपणी आले तेव्हा त्यांना इथली भाषाही येत नव्हती. पहिलीच्या बाकावर मुलांच्या मांडीला मांडी लावून ते ती शिकले, आणि मग घरोघरच्या आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना त्यांनीच गणित शिकवलं. एखादं मूल उत्तर देताना अडखळलं, तर त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत सुटीची घंटासुद्धा थांबायची. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी फादर प्रत्येक वर्गाच्या दारात उभे राहून विचारत, “कोणी राहिलंय का?” मग कान देऊन थांबत. बाकाखाली रुसून बसलेलं, नाहीतर वहीवर डोकं टेकून झोपलेलं एखादं पोर निघायचंच. त्याच्या केसांवरून हात फिरवत ते म्हणत, “चल बाळा, आई वाट बघत असेल.” दोनदासर स्वतः लहानपणी कितीदा तरी असे निघाले होते.

पण रिकाम्या वर्गाला प्रश्न विचारायची सरांना लाज वाटे. शिपाईमामा टोमणा मारायचे, कुलूप दोनदा ओढता, मग हाक एकदा मारायला काय जातं? सर हसण्यावारी न्यायचे. फादरांची सर आपल्याला कधी येणार नाही, हे मात्र आत कुरतडत राही.

त्या दिवशी मामा लवकर गेले होते. सर फाटकाशी पोचले तोवर अंधारून आलं. व्हरांड्याच्या टोकाकडून आवाज आला... शांत, जरासा खरखरीत.

“कोणी राहिलंय का?”

सरांनी वळून पाहिलं, व्हरांडा रिकामा होता. भास असेल, असं ते स्वतःला सांगत होते, तोच खडूचा आणि खोकल्याच्या गोळ्यांचा वास आला. फादरांच्या खिशाचा वास. पळत सुटावंसं वाटलं. पण आता महिनाभर शाळा उघडणार नव्हती. आत खरंच कोणी असलं तर?

ते परतले. एकेक वर्ग उघडत गेले. शेवटच्या वर्गात कपाटामागे पहिलीतली एक मुलगी बसली होती. डोळे कोरडे.

“रडली नाहीस, बाळा?”

“पांढऱ्या झग्यातले आजोबा म्हणाले, रडू नकोस. सर घाबरट आहेत, पण येतील.”

ती जन्मली त्याच वर्षी फादर वारले होते.

फाटकाशी तिची आई धापा टाकत आलीच. लेकीला तिच्या हवाली करून सर पुन्हा कुलपं लावायला वळले. आता मात्र प्रत्येक दारात थांबून त्यांनी विचारलं. मग शेवटचं दार.

“कोणी... राहिलंय का?”

ते कान देऊन थांबले. मग त्यांनी किल्ली फिरवली. तेवढ्यात मागून केसांवर एक हात हलकेच फिरला.

“तूच राहिलास. चल बाळा, आई वाट बघत असेल.”

सर घराकडे निघाले तेव्हा डोळे भरून आले होते, भीती कुठच्या कुठे गेली होती. कुलूप दोनदा ओढायचंही राहून गेलं. आज आपण त्यांच्या परीक्षेत पास झालो, एवढंच त्यांच्या मनात होतं.

घराच्या वळणावर ते थबकले. लग्न त्यांनी केलंच नव्हतं. आई वारल्यापासून त्या घरात ते एकटेच राहत.

स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा होता. चुलीपाशी वाकलेली एक सावली सरळ झाली, दाराकडे आली... आणि आतून कडी निघाल्याचा आवाज झाला.