काठापर्यंत गुलाबी

काँक्रीटचा तुकडा अगदी काठापर्यंत गुलाबी झाला.

तिने दुसऱ्या तुकड्यावर फवारा मारला. तोही गुलाबी. तिसराही.

लॅबमध्ये तिला सगळे दुर्बीण म्हणत. थोडं जाड चष्म्यामुळे, जास्त करून नको तिथे डोळे घालायच्या सवयीमुळे. आजही तिने नको तिथेच डोळे घातले होते. हे तुकडे पडलेल्या पुलाचे होते. लॅबप्रमुख सरांनी तिला या तुकड्यांपासून लांब राहायला बजावलं होतं, कारण त्या पुलावरचा कनिष्ठ अभियंता तिचा सख्खा दादा होता. तेवीस दिवसांपासून तो कोठडीत होता.

पूल आठ वर्षांचा. गेल्या महिन्याच्या एकवीस तारखेला तो अकरा माणसांना घेऊन नदीत गेला. मंत्र्यांनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की बांधकाम उत्तम होतं, जादा वजनाचे ट्रक सोडणारा अभियंता दोषी आहे. दादा सांगत होता की पूल कच्चा आहे, बंद करा, असं पत्र त्याने चार तारखेलाच मंत्र्यांच्या हातात दिलं होतं. मंत्री म्हणाले, असं पत्र आलंच नाही. दादाकडे पोच नव्हती. उरले होते फक्त तीन नमुने. दादाने पुलाच्या स्लॅबमधून ड्रिलने काढलेले तीन दंडगोल, चार तारखेलाच सीलबंद करून या लॅबला पाठवलेले.

काल सरांनी ते मशीनखाली फोडले. निकाल: उत्तम काँक्रीट. आज बाराला चौकशी अधिकारी बाई सही झालेला रिपोर्ट न्यायला येणार होत्या. तो गेला की दादाची वाट बंद.

आणि आता हा रंग.

ताज्या काँक्रीटवर हा फवारा मारला की ते गुलाबी होतं. पण वर्षानुवर्षं हवा खाल्लेली बाहेरची कातडी मरते, तिथे रंग चढत नाही. आठ वर्षं ऊन-वारा सोसलेल्या पुलाच्या तुकड्याला रंगहीन पट्टा हवाच. इथे एक रेषसुद्धा नव्हती.

तिने तुकडा हातात फिरवला. काठावरून अंगठा अलगद सरकला. दारात पावलं वाजली. तिने तुकडा ॲप्रनच्या खिशात कोंबला.

"इथे काय करतेयस, बाळा?" सर होते. नेहमीसारखी त्यांच्या खिशातून कानस डोकावत होती. पहिल्या दिवशी त्यांनीच शिकवलं होतं, नमुन्याची कड घासल्याशिवाय हात लावायचा नाही, बोट कापतं. ती आणि सर सोडून लॅबमध्ये कुणी ते पाळत नसे.

"टेबल पुसत होते, सर."

"जा तू. बाराचा फोन यायच्या आत मला सही उरकायचीय."

पुलाचे नमुने आल्यापासून रोज बाराला त्यांच्या टेबलावरचा फोन वाजायचा आणि केबिनचं दार बंद व्हायचं. सर वळले, थांबले. त्यांची नजर तिच्या खिशावर होती. पांढऱ्या कापडातून गुलाबी डाग बाहेर पसरत होता.

ते केबिनमध्ये गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. 

स्टोअर सांभाळणारे काका आत रद्दी बांधत होते. तिने आवाज शक्य तितका सरळ ठेवला.

"काका, पुलाचे नमुने मध्ये कुणी उघडले होते?"

"कुणी नाही. सीलबंद आले, सीलबंद दिले."

"सील कसलं होतं?"

"कागदाची पट्टी, वर आणणाऱ्याची सही. तुझ्या दादाची होती. घाईत मारलेली, बेडकाने उडी मारल्यासारखी. मीही तशी मारीन."

"किल्ली?"

"माझ्या कमरेला. आंघोळीलासुद्धा. बायकोला विचार."

"आणि दुसरी?"

"सरांकडे. पण ते कशाला येतील इथे? त्यांना खिळा लागला तरी चिठ्ठी पाठवतात." काकांनी सुतळीला गाठ मारली आणि हळू आवाजात म्हणाले, "गेटवर सकाळपासून पांढरी गाडी उभी आहे. त्यातली मंत्र्यांची माणसं तुझी चौकशी करत होती. मी म्हटलं, रजेवर आहे. आता मला खोटं पाडू नकोस, मागच्या दाराने घरी जा."

 मागच्या दाराने ती बाहेर पडली.

मागच्या अंगणात फोडलेल्या काँक्रीटचा ढीग होता. त्याच्या आडोशाला, ताडपत्रीखाली, एक ठोकळा. ताडपत्री एरवी तिथे नसायची. तिने ती उचलली. ठोकळ्याला तीन गोल भोकं होती. एका कोपऱ्यात, काँक्रीट ओलं असताना खिळ्याने कोरलेली तारीख: गेल्या महिन्याची सहा. सहाच्या आकड्याला लांब शेपूट.

भोकाच्या भिंतीत एक तांबूस खडी मधोमध कापली गेली होती. तिने खिशातला तुकडा काढला. तो दोनदा कडेवर आपटला. मग बसला. तांबूस खडीचा दुसरा अर्धा भाग तिच्या हातात होता.

कुंपणाचं फाटक चार पावलांवर होतं. फाटकातून घर. घरी आई, आणि कोठडीत दादा. पावणेबारा झाले होते.

ती आत परतली.

केबिनमध्ये अधिकारी बाई वेळेआधीच येऊन बसल्या होत्या. सरांनी पेनाचं टोपण काढलं होतं. दुर्बिणीने तुकडा रिपोर्टवर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. रंग, ठोकळा, तारीख.

"तुम्ही आरोपीची बहीण ना?" बाईंनी विचारलं.

"हो. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका. फवारा तुम्हीच मारा. ठोकळा मागे आहे, तुकडा तुम्हीच बसवून बघा."

बाई जाऊन आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"नमुने आणणाऱ्या ड्रायव्हरने ते वाटेत बदलले असतील," सर म्हणाले.

"ठोकळा आपल्याच अंगणात आहे, मॅडम. आणि या तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवा. ड्रिलने काढलेली कड ब्लेडसारखी असते. ही घासलीय, कानशीने. या इमारतीत कडा दोघंच घासतात. मी, आणि ज्यांनी मला शिकवलं ते. सहाला असं लांब शेपूटही तेच काढतात. दुसरी किल्ली त्यांच्याकडे होती, नव्या पट्टीवर दादासारखी सही कुणीही मारील आणि काल पट्ट्या त्यांनी एकट्यानेच उघडल्या."

तिने सरांकडे बघायचं टाळलं. "आणि खरे नमुने अजून इथेच आहेत. रिपोर्टवर सही झाल्याशिवाय नमुना फेकायचा नाही, हा त्यांचा नियम आहे. तो त्यांना मोडवला नसणार. लॅबमध्ये गोल नमुने कुणाला न दिसतील अशी एकच जागा आहे."

ठोकळे पाण्यात मुरवायच्या टाकीत तिने खांद्यापर्यंत हात घातला. तळाशी, चौकोनी ठोकळ्यांच्या मागे, तीन गोल नमुने होते. केबिनमध्ये हातोडीच्या एका हलक्या टोल्याने पहिला फुटला. बाईंनी फवारा मारला. काठापासून दोन बोटं रुंद पट्टा राखाडीच राहिला. नखाने वाळू सुटत होती.

"पूल पडेल असं वाटलं नव्हतं," सर म्हणाले. "मला म्हणाले, निवडणुकीपर्यंत तुझा चांगला रिपोर्ट फायलीत असू दे. माझी मुलगी त्यांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे."

"ठोकळा सहा तारखेचा," दुर्बीण म्हणाली. "पूल पडला एकवीसला. दादाचं पत्र पोचलं नसतं, तर पंधरा दिवस आधी खोटा नमुना कुणाला कशाला हवा होता?"

"कुणी सांगितलं तुम्हाला हे करायला?" बाईंनी विचारलं.

 भिंतीवर बारा वाजले आणि फोन वाजला.

 चौथ्या घंटीला बाईंनी स्पीकरचं बटण दाबलं.

"मास्तर, झाली का सही?"

आठ वर्षांपूर्वी मंत्र्यांनी पुलाची फीत कापली तेव्हा कर्ण्यांतून हाच आवाज घुमला होता. दुर्बीण तेव्हा शाळेच्या रांगेत उभी होती.

"मास्तर?"

"सही झाली नाही," ती म्हणाली.  "मी त्या अभियंत्याची बहीण बोलतेय."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. एक. दोन.

"राँग नंबर," आवाज शांतपणे म्हणाला आणि फोन बंद झाला.

बाईंनी वहीत वेळ लिहिली. 

"उद्या ते म्हणतील, तो मी नव्हेच. सचिव पुढे येईल. सचिव म्हणेल, कारकुनाने परस्पर केलं. आणि माझी बदली संध्याकाळपर्यंत येईल."

"मग?"

"मग संध्याकाळपर्यंत वेळ आहे. तुझ्या दादाला सोडण्याची शिफारस आधी लिहिते, ठोकळ्याच्या फोटोसह. ती एकदा कोर्टात पोचली की कुणाला गिळता येणार नाही." त्यांनी कोरा कागद सरांपुढे सरकवला. "सुरुवात करा. पहिला फोन कधी आला?"

 सरांनी पेन उचललं आणि गेल्या महिन्याची तारीख घातली. पाच. आणि पुढे मंत्र्यांचं पूर्ण नाव.

दुर्बीण खिडकीशी गेली. पांढऱ्या गाडीची दारं उघडली होती, दोन माणसं गेटकडे येत होती. काका कुठूनतरी साखळी घेऊन आले, गेटला आतून कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि त्यांच्याकडे पाठ करून रद्दीच्या गठ्ठ्यावर बसले.