इनची पिन, आउटचं भोक

देवरीच्या बसस्टँडवर प्रेरणाच्या मांडीवरचं लांबलचक खोकं बघून शेजारच्या तरुणाने विचारलं, "कीबोर्ड होय का?" तो सौंदडचा हेमेंद्र, झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवणारा. बस लागेपर्यंत दोघांचे नंबर एकमेकांच्या मोबाइलमध्ये गेले होते.

घरच्या कॉम्प्युटरला कीबोर्ड जोडताना प्रेरणाने सरळ डोकं चालवलं. वायरची 'इन' लिहिलेली पिन कीबोर्डच्या 'इन'मध्ये, 'आउट'ची 'आउट'मध्ये. कॉम्प्युटर ढिम्म! तिने फोन केला तसा हेमेंद्र आला, हसला. सूर कीबोर्डातून बाहेर निघतात, तेव्हा त्याच्या आउटमध्ये इनची पिन लावायची, असं समजावून त्याने पिना बदलल्या, आणि स्पीकर वाजला.

तो गेला, आणि प्रेरणाचा जीव थाऱ्यावर राहीना. दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे रात्रभर नाटकं रंगणारी जत्रा भरणार, आणि त्याची नाटक कंपनी थेट होळीपर्यंत फिरतीवर. तेवढ्या दिवसांत तो आपल्याला विसरला तर…? चौथ्या दिवशी तिने स्वतःच पिना उलट्या लावल्या आणि मेसेज टाकला, परत बंद पडला. तो आला, लावून गेला. आठवड्याने पुन्हा बंद पडला.

ही तिसरी खेप. दिवाळी उरकली होती, कंपनी उद्या दुपारी निघणार होती. सकाळपासून ती ओसरीवर येरझारा घालत होती. आईने, जमुनाबाईंनी, दोनदा हटकलंही. हेमेंद्र आला, कीबोर्डामागे वाकला आणि पिना हातात घेऊन तसाच बसून राहिला.

"पिना आपोआप नाही बदलत, प्रेरणा."

तिचे कान तापले. खोटं बोलायचं बळ नव्हतं. "उद्या तुम्ही जाऊन राहिले ना… म्हणून."

तो वायरीकडेच बघत म्हणाला, "मले हे फोनवर सांगता आलं असतं. दोन मिनिटाचं काम. तरी तीनदा बस पकडून आलो… कायले?"

प्रेरणा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. 

"सोमवारी माय येऊन राहिली तुमच्या घरी, बोलणी कराले. तुमच्या मनात नसन तर आताच सांगा… मी तिले थांबवतो."

स्वयंपाकघरातली भांडी एकदम गप्प झाली. आई ऐकत होती, हे दोघांनाही कळलं. प्रेरणा मुद्दाम आत ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"सोमवारी कायले? उद्या सकाळीच येऊ द्या. तुम्ही जायच्या आधी."