नागसेनने लावलेला होल्ड

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे. मे महिन्यातली, नागपूरची दुपार.

आणि ती माझ्यासोबत घडली आहे. कोणाच्या मावशीच्या नणंदेसोबत नाही. पटली नाही तर सोडून द्या, मी भांडायला येणार नाही. हल्ली मला कशाचाच राग येत नाही.

हिंगणा एमआयडीसीत आमची फॅक्टरी आहे. नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथेच कामाला आहे. ट्रॅक्टरच्या चाकात जो लोखंडी हब बसतो, तो आम्ही बनवतो. माझा नवरा नागसेन तिथे तपासणीच्या टेबलावर होता. मागच्या थंडीत तो ड्युटीवरून घरी आला, चहा मागितला, आणि चहा उकळेपर्यंत गेला.

तो चहा मी मोरीत ओतला. एवढंच आठवतं. रडल्याचं आठवत नाही.

कंपनीने त्याच्या जागी मला घेतलं. टेबल तेच. स्टूल तेच.

आधी काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. प्रत्येक हबवर बारकोडचं स्टिकर असतं. ते स्कॅनरने वाचायचं, हब नीट पाहायचा. चांगला असला तर टॅबवर 'पास'. खोट दिसली तर 'होल्ड' दाबून कारण टाकायचं. होल्डचा माल लाल जाळीच्या खोलीत जातो, कुलपात. तिथून सुटला तर सुटला, नाहीतर शेवटी भट्टीत वितळायला.

आणि सॉफ्टवेअरचा एक नियम आहे...

ज्याने होल्ड लावला, त्यानेच तो सोडायचा. दुसऱ्या कोणालाही सोडता येत नाही. मॅनेजरलाही नाही.

नागसेनची मात्र सॉफ्टवेअरच्या आधीपासूनची एक सवय होती. तो छोट्या हातोडीने हब ठोकायचा आणि कान लावायचा. चांगला हब 'टण्ण' वाजतो. आतून तडा असला तर नुसतं 'ठक'.

ही सवय घरीही आली. माठ घेताना ठोकून, टरबूज घेताना ठोकून. रोज सकाळी निघताना माझ्या कपाळावरसुद्धा बोटाच्या पेराने ठोकायचा.

"टण्ण! पास हायस वं तू."

मी लाटणं उगारायची. तो हसत पळायचा.

माझा आयडी तयार व्हायला वेळ होता. आमचे सुपरवायझर दुर्गेशसर म्हणाले, "वहिनी, पुण्याच्या हेड ऑफिसातून नवा आयडी येईपर्यंत नागसेनच्याच आयडीवर चालवा. कोनी काही म्हनत नाही."

म्हणून रोज सकाळी टॅब सुरू केला की पडद्यावर यायचं... 'स्वागत आहे, नागसेन.'

घरी त्याचा फोटो होता, पण त्या फोटोला हार होता. इथे तो अजून कामावर होता. दिवसभरात मला तेवढी एकच ओळ हवी असायची. बाकी मी जेवत होते, झोपत होते, लोकांशी बोलत होते. आत काही हलत नव्हतं.

मेमध्ये नवा आयडी आला.

"आता त्याचा बंद करून टाकतो," दुर्गेशसर म्हणाले.

"राहू द्या ना, सर."

"मेलेल्या मानसाचा आयडी चालू ठेवला तर ऑडिटवाले मले फाडून खातील, वहिनी."

दुसऱ्या दिवशी पडद्यावर माझं नाव आलं. 'स्वागत आहे, नंदिनी.'

वाटलं, आता तरी रडू येईल. नाही आलं. मी पुढचा हब उचलला.

त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत लाइट गेली. कूलर बंद पडले. सगळे कँटीनला गेले होते. मी आणि शेजारच्या टेबलावरची भावना, आम्ही दोघीच डबे उघडून बसलो होतो.

टण्ण...

आवाज मागून आला. सकाळी मी पास केलेला माल ठेवला होता, तिथून.

टण्ण... टण्ण...

एकेक. मध्ये कान लावण्याएवढं थांबून.

भावनाचा घास हातातच राहिला. "तिकडं कोन हाय वं?"

आम्ही वळून पाहिलं. हबची थप्पी होती. माणूस नव्हता.

हातोडी तर आमच्या घरी होती. कपाटात, त्याच्या शर्टांखाली.

मग...

ठक.

आणि सगळं शांत.

बॅटरीवर चालू असलेला माझा टॅब आपोआप उजळला. एका हबचा नंबर, आणि खाली ओळ.

'होल्ड. कारण: आतून तडा. लावणारा: नागसेन.'

दुर्गेशसर आले ते चिडूनच. "वहिनी, हे काहून करून राहिल्या तुम्ही? माल न्यायले गाडी उभी हाय गेटवर!"

"मी नाही केलं, सर. भावनाला विचारा."

"अहो, आयडी बंद हाय त्याचा! मी सोता बंद करवला!"

त्यांनी पुण्याला फोन लावला, स्पीकरवर. तिकडच्या मॅडम म्हणाल्या, आयडी बंदच आहे, आज त्यावरून कोणीही काम केलेलं नाही.

"मग हा होल्ड तरी सोडा."

"नाही सोडता येत, सर. ज्यांनी लावलाय त्यांनाच सांगा ना."

दुर्गेशसरांनी फोन ठेवला. तो हब कापायला लावला.

आत केसाएवढी काळी रेघ होती. वरून अजिबात दिसत नव्हती. सकाळी मीच तो पास केला होता.

"बरोबर सांगून राहिला गा," सर हळूच म्हणाले. कोणाला म्हणाले, कोणास ठाऊक. मी तरी विचारलं नाही.

मग ते होतच राहिलं. लाइट गेली की टण्ण, टण्ण... आणि एखादा ठक. भावनाने टेबल बदलून घेतलं. सर माझ्या टेबलाकडे यायचे थांबले. होल्ड लागलेला हब गुपचूप जाळीत जायचा.

मला भीती वाटली नाही. खरं सांगते, मला बरं वाटायचं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटत होतं. मी डब्यात वांग्याचं भरीत आणायला लागले, त्याला आवडायचं म्हणून.

महिना संपत आला होता. त्या दुपारी पुन्हा लाइट गेली. मी एकटी होते.

थप्पीकडून आवाज आला नाही.

मी वाट पाहिली. कूलर नाही, पंखा नाही, बाहेर साधा कावळाही ओरडत नव्हता.

"आज काहून चूप हायस गा?" मी विचारलं.

आणि माझ्या कपाळावर...

बोटाचं पेर टेकलं. थंड. त्या उन्हाळ्यात, थंड.

मी श्वास रोखला. डोळे मिटून घेतले. वाज, टण्ण वाज. मला पास म्हण.

ठक.

बस. एवढंच.

डोळे उघडले तेव्हा टॅब उजळलेला होता. वरचा नंबर हबचा नव्हता. आधी मला ओळखूच आला नाही. मग गळ्यातलं कार्ड उचलून पाहिलं. तो माझ्या कार्डावरचा नंबर होता.

'होल्ड. कारण: आतून तडा. लावणारा: नागसेन.'

मी टॅब दुर्गेशसरांना दाखवला. त्यांनी वाचलं आणि मान वर केलीच नाही. "घरी जा, वहिनी," एवढंच म्हणाले.

त्यानंतर तो ठोकण्याचा आवाज कधीच आला नाही.

मी डॉक्टरांकडे जाऊन आले. बीपी ठीक, ईसीजीची पट्टी ठीक. "वरून तर काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली आणि कामावर आले.

ती ओळ अजून टॅबवर आहे. तिच्यापुढचं 'सोडा' बटण मी दाबून पाहिलं. दबत नाही.

परवा लाल जाळीतला जुना माल भट्टीत गेला. मी उभी राहून बघत होते. काही वाटलं नाही.

दुपारी लाइट गेली की मी डबा बाजूला सारते, डोळे मिटते आणि कपाळ थोडं पुढे करून बसते.

तो अजून आलेला नाही.