डावा खांदा

डोळ्यांवरची पट्टी सुटली, सुभद्राबाईंनी बाहुली पाहिली आणि लगेच प्रेमिला रामटेकेला महाल भागातल्या घरी बोलावून घेतलं. खासगी तपास करणाऱ्या प्रेमिलासोबत देवरावही आले, निवृत्त हवालदार.

बाहुली न्यू मेक्सिकोच्या प्युएब्लो आदिवासी बायकांच्या पोशाखातली. लोकरीचा काळा झगा डाव्या खांद्यावर बांधलेला, कमरेला लाल पट्टा. सुभद्राबाईंच्या मुलीनं, भावनानं, मरायच्या महिनाभर आधी तिकडून पाठवलेली.

"हे माह्या भावनाची नाही," सुभद्राबाई म्हणाल्या. "तिचा काळा रंग उडाला होता. हा कोरा आहे. मले माही बाहुली पाह्यजे, बाकी काही नाही."

धंतोलीच्या दवाखान्यात डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर आठ दिवस त्यांचे डोळे बांधलेले होते. घरात दोघीच होत्या. सून मिनल, आणि तीस वर्षं इथं नऊवारीतल्या बाहुल्या शिवणारी गोपिका. फळीवर त्या बाहुल्या ओळीनं बसल्या होत्या, सगळ्यांचे पदर डाव्या खांद्यावर. अंगणात तांब्याचा बंब धुमसत होता. पूर्वी घरोघरी असे. गल्लीत आता हा एकच उरला होता.

मिनलनं न विचारताच सांगितलं की बाहुलीचे फोटो तिनं पुण्याच्या एका संग्राहकाला पाठवले होते. तिनं ते फोनवर दाखवले. त्यांत बाहुलीचा डावा खांदा उघडा होता. घरात ते फोटो दुसऱ्या कोणी पाहिलेले नव्हते.

गोपिकानं सुई थांबवली नाही. "मी काहून हात लावू? बाईंचा देव तो."

देवरावांचा निकाल तयार होता. सुनेनं नक्कल करवली, खरी पुण्याला गेली.

"करवली असती तर फोटो दिला असता," प्रेमिला म्हणाली. "आणि चोर खरी समोर ठेवूनच नक्कल करतो. ही आठवणीनं शिवलीय, देवराव, कारण तेव्हा खरी उरलीच नव्हती. आठवण अडली तिथं हाताची सवय पुढं झाली. तीस वर्षं तो हात पदर डाव्या खांद्यावरच टाकतोय."

गोपिकानं दातानं दोरा तोडला.

"बंबात टाकली," ती म्हणाली. "माह्या बाहुल्या तुमच्या नावानं गावोगाव गेल्या, बाई. एकीलेही कधी मांडीवर नाही घेतलं. आठ दिवस मात्र माहीच कुरवाळून राहिल्या होत्या. झोपेतही."

सुभद्राबाईंनी बाहुलीचा खांदा चाचपला. मग ती गोपिकापुढं धरली.

"तुह्या हातची सगळ्यात चांगली हेच आहे वं," त्या म्हणाल्या. "धर. आणि बंबाचं झाकण काढ."