बाभळीची पिन

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तेहेतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसायचे. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं आहे.

आणि रात्री नाही. गेल्या वर्षी, एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी अडीच वाजता. सदाशिव पेठेत, आमच्याच सोसायटीच्या पार्किंगमधल्या खोलीत.

दुपारी एक ते चार आमच्या पेठेत भुतंसुद्धा झोपतात, असं मी चेष्टेने म्हणायचे. आता म्हणत नाही.

माझे यजमान श्रीनिवास कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाले. जुनी इंजिनं तपासणं हे त्यांचं वेड. कुठला भाग कारखान्यातून आलेला मूळ आणि कुठला नंतर कुणी बसवलेला, हे ते नुसतं चाचपून सांगायचे. सगळी अक्कल त्या उजव्या हातात. त्या हाताला काही झालं तर हा माणूस जगायचा नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

दिग्विजय नावाच्या एका हौशी संग्राहकाने बोटीच्या मागे लावायचं साठ वर्षं जुनं इंजिन घेतलं होतं. एकूण एक भाग मूळ आहे का, ते तपासून त्याला लेखी यादी हवी होती. लोणी काळभोरचा कचरू भंगारवाला इंजिन घेऊन आला. जाताना म्हणाला,

"सायेब, पंख्याची पिन लाकडाची हाय. ती तशीच ऱ्हाऊ द्या."

"भंगारात डॉक्टरेट केलीत वाटतं?" हे म्हणाले.

कचरू हसला नाही.

शनिवारी आम्ही यादी करायला बसलो. हे सांगणार, मी लिहिणार. वहीत दोन रकाने, "मूळ" आणि "नंतरचं". माझं अक्षर चांगलं, म्हणून ही हमाली कायम माझ्याकडे.

नंबरपट्टी मूळ. पट्टीवरचा आणि इंजिनावर ठोकलेला नंबर एकच. स्क्रू मूळ, सगळे एका खाचेचे. रंग यांनी नखाने खरवडला. खाली दुसरा थर नाही, म्हणजे मूळ.

"सुनीती, साठ वर्षांत याला कुणी हातच लावलेला नाही गं!"

मग पाण्यात फिरून बोट ढकलणारा पंखा. पंख्याला दांड्याशी जोडणारी पेराएवढी पिन असते. तिथे बाभळीची काटकी ठोकलेली होती. तिला काळा दोरा गुंडाळला होता.

"इंजिन सुरू केलं की ही मोडणार आणि पंखा जागच्या जागी. कुठल्या गाढवाने केलं हे?"

मी "नंतरचं" खाली काटकी लिहिली.

यांनी वरचं टोपण उघडलं. आत, तारेने बांधलेली... मूळ पिन.

गंजाचा ठिपका नाही. आणि ओली.

"अहो, ओली कशी?"

"तेल असेल."

तेल नव्हतं. माझ्या बोटाला लागलं ते पाणी होतं.

तिथेच मी "राहू द्या" म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. यादीत एवढी एकच खोट होती आणि ती मलाही खुपत होती. मीच काटकीची ओळ खोडली आणि शेजारच्या रकान्यात लिहिलं, "पिन".

यांनी काटकी काढून पिन बसवली. इंजिन स्टँडवर चढवलं, पंखा असलेला खालचा पाय पाण्याच्या पिंपात सोडला. पंखा मोकळा फिरतो का बघायला उजवा हात पाण्यात घातला. घाबरायचं काही कारणच नव्हतं. टाकीत पेट्रोल नव्हतं. प्लग काढून माझ्या वहीशेजारी ठेवला होता.

बाहेरची कबुतरं गप्प झाली...

रस्त्यावरच्या स्कूटरसुद्धा ऐकू येईनात.

मग इंजिन सुरू करायची दोरी हळूहळू बाहेर येऊ लागली...

ओढणारं कुणी नव्हतं.

एक झटका बसला आणि इंजिन धडधडू लागलं!

लाल पाणी भिंतीवर उडालं, माझ्या चष्म्यावर उडालं. हे ओरडले. तसा आवाज मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी त्यांना कमरेला धरून मागे खेचलं. हात सुटेना.

तो पंख्यात अडकलेला नव्हता. खालून कुणीतरी मनगट धरलं होतं.

मी पाहिलं. एक तळहात आणि अंगठा. बोटं... नव्हतीच.

मी घण उचलला आणि इंजिनावर घातला. एकदा, दोनदा, पाचदा. टोपण चेपलं, टाकी फुटली, तरी ते फिरतच होतं. सहावा घाव मी पिंपात घातला, त्या तळहातावर.

हाड मोडल्याचा आवाज आला. हे माझ्या अंगावर कोसळले. इंजिन थांबलं.

उजव्या हाताची तीन बोटं गेली होती.

वरच्या मजल्यावरचा गंधार धावत आला. त्याने पिंपात हात घालून तीन बोटं शोधली आणि बर्फात ठेवली. "काकू, मी कार काढतो. अॅम्ब्युलन्सची वाट बघत बसायला नको."

आठ तास ऑपरेशन चाललं. दोन बोटं वाचली नाहीत. अनामिका तेवढी जगली. तिच्यातली साखरपुड्याची अंगठी मात्र नव्हती. पाण्यात पडली असेल, म्हणून मी विषय सोडला. एक बोट वाचलं याचाच मला एवढा आनंद झाला, की मी हॉस्पिटलमध्ये पेढे वाटले.

मग कचरूला फोन केला.

"बाई, धरनावर ह्ये मशीन लावलेली बोट सर्जेरावची व्हती. जाळ्यावरनं एकाशी भांडान झालं. सर्जेरावनं त्याला पान्यात ढकाललं. त्यो गडी बोटीची कड धरून वर याया लागला. तर सर्जेरावनं मशीन चालू क्येलं आन् त्याच्या हातावर आनलं. बोटं तुटली, गडी बुडाला. गड्याची बायकू गोदाबाई. तिनं पिन काढून काटकी ठोकली. परत कुनावर फिराया नगं म्हून."

"आणि खरी पिन टोपणात बांधून ठेवली?"



"न्हाई बाई. ती तर तिनं माझ्यादेखत धरनात फेकली."

सव्वा महिन्याने मी पिंप रिकामं केलं. तळाशी अंगठी होती.

बोटात घातलेली.

बोट ताजं होतं, आत्ताच तुटल्यासारखं. पेरावर यांचा लहानपणचा भाजल्याचा डाग.

मग डॉक्टरांनी यांच्या हाताला शिवलं, ते कुणाचं?

मी यांना काही सांगितलं नाही. गरजच पडली नाही. त्या संध्याकाळी ते डाव्या हाताने ते बोट चाचपत बसले होते. शांतपणे म्हणाले, "सुनीती, हे माझं नाही."

डॉक्टर म्हणतात, रक्तपुरवठा उत्तम आहे, निरोगी बोट कापता येणार नाही. कोरडं असताना ते गप्प असतं. पाणी लागलं की वळतं. परवा मी बेसिनमध्ये यांचा हात धूत होते, तेव्हा त्याने माझं मनगट पकडलं. हे रडत होते, "मी नाही गं, मी नाही करत." पाणी निथळेपर्यंत सुटलं नाही. वळ अजून आहे.

यांनी पार्किंगमधल्या खोलीतला शेगडा, वस्तू घट्ट आवळून धरायचा, पुसून ठेवला आहे. करवतीला नवीन पातं लावलं आहे.

"डाव्या हाताने मी कापतो," आज सकाळी तिसऱ्यांदा म्हणाले. "तू फक्त घट्ट धर."

मी अजून हो म्हटलेलं नाही.